हलकं धान, भारी सिस्टम

काल शाळा सुटल्यावर मूल गावाच्या चौकात नाटकाच्या जाहिरातीचा ऑटो आडवा आला. टपावर दोन भोंगे, मागे नटनट्यांच्या चेहऱ्यांचा फलक आणि भोंग्यांतून गरजणारा आवाज, ‘मंडईनिमित्त, खास लोकाग्रहास्तव!’ लोकांनी हा आग्रह कधी आणि कुणाकडे केला हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण आमच्या झाडीपट्टीत दिवाळी उलटली की प्रत्येक नाटक लोकाग्रहास्तवच होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि ऑटो वळणाआड जाईपर्यंत ऐकत उभा राहिलो. नाटकासाठी नव्हे, आवाजासाठी. शब्दाशब्दाला धार होती, मागे ढोलकी होती, पण ढोलकी शब्दांच्या अंगावर येत नव्हती. असा आवाज चंद्रपूर-गडचिरोलीत एकाच खोलीतून निघतो असं आमच्या वहिनीचं म्हणणं आहे, आणि वहिनीचं म्हणणं खोडून काढायची छाती माझी तरी नाही.

ती खोली सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात, दादाच्या घरी आहे. मुळात ती धान ठेवायची. दादानं लग्नानंतर ती वहिनीला स्टुडिओसाठी दिली खरी, पण धान ठेवायला दुसरी जागा नाही, त्यामुळे आजही मळणी झाली की पोती तिथंच येतात. पहिल्या वर्षी वहिनी यावरून रुसली होती. मग तिच्या लक्षात आलं की भिंतींना धानाची पोती लागली की खोलीतला घुमारा जातो आणि आवाज कोरडा, स्वच्छ येतो. धान विकलं की खोली पुन्हा विहिरीसारखी बोलायला लागते. तेव्हापासून दादानं धान विकायचं नाव काढलं की वहिनी म्हणते, ‘एवढी काय घाई आहे? भाव वाढू द्या ना जरा.’ भावाची काळजी तिला कधीच नव्हती. दादालाही ते माहीत आहे, पण तोही बिचारा दर वर्षी थोडं थांबतो.

हे दिवसच तसे असतात. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, कापलेल्या धानाचे कडपे वाळत पडलेले, कुठे पुंजणे रचून झालेले, हवेत तणसाचा गोडसर वास, तलावाच्या काठी शिंगाडे उकळणाऱ्या चुली. सकाळी दव इतकं, की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चाललं की चपला जड होतात. पावसाळाभर वाकलेली माणसं या दिवसांत सरळ उभी राहतात आणि एकमेकांच्या गावाला जायला मोकळी होतात. बाहेरच्या माणसाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो. आमच्याकडे मंडई म्हणजे गावानं ठरवलेला एक दिवस. दुकानं लागतात, नाचगाण्याची दंडार होते, नाटक होतं आणि प्रत्येक घरी झाडून सगळे नातेवाईक येतात. त्या दिवशी पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. त्यानं कोंबडा मागितला तर कोंबडा, खाट मागितली तर खाट. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण मोडलेला मी पाहिलेला नाही. एका वर्षी मात्र मोडला असता तर बरं झालं असतं.

आधी वहिनीच्या संगणकाविषयी सांगायला हवं. तो दुकानातून पेटीबंद आलेला नव्हता. नागपूरहून एकेक भाग आणून वहिनीनं तो स्वतः जुळवला. मदरबोर्ड तिनं एसटीत मांडीवर घेऊन आणला. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, ‘काय वो, अंडे आहेत का त्याच्यात?’ वहिनी म्हणाली, ‘अंड्यापेक्षा नाजूक आहे.’ मग ती बाई सिंदेवाहीपर्यंत अंग चोरून बसली. संगणकाच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून त्याचा खोका भिंतीपलीकडे देवाच्या खोलीत ठेवला आणि भिंतीला भोक पाडून तारा इकडे घेतल्या. आई देवाला उदबत्ती ओवाळते तेव्हा त्या खोक्यालाही एक फेरी देते. वहिनी म्हणते, ‘देऊ द्या. धूर थोडा दुरून देत जा म्हणा फक्त.’

वहिनीचं नाव रेखा. लग्नाआधी ती झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात काम करायची, तिथंच संगणक उघडून पाहायची चटक लागली. विनय हा गुण तिच्यात औषधालाही नाही. ‘माह्यासारखं सिस्टम चंद्रपुरातबी कोनी बसवत नाई, भाऊजी,’ असं ती मला दर भेटीत सांगते आणि मी मान डोलावतो की नाही ते बारकाईनं पाहते. मी डोलावतो. भीतीनं नव्हे. तिला ते काम करताना ज्यानं पाहिलंय, त्याची मान आपोआप हलते.

लोकांना वाटतं संगणक म्हणजे संगणक, नवा असला की चांगला. वहिनीला हे ऐकलं की राग येतो. आवाजाच्या कामात तीन जणांचं जमावं लागतं. एक, संगणकाची मूळ ऑपरेटिंग सिस्टम. दुसरं, ज्यात रेकॉर्डिंग होतं ते सॉफ्टवेअर. आणि तिसरी, माइक आणि संगणक यांच्यामध्ये बसणारी लोखंडी पेटी, जिला ती साउंड कार्ड म्हणते. वहिनीची पेटी जुनी, नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेली. ती बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टमसाठी काही करायचं कधीच सोडून दिलेलं. म्हणजे पेटीला जुनी सिस्टम हवी, सॉफ्टवेअरला जरा नवी हवी, आणि खोक्यातल्या बोर्डाला फार जुनी चालत नाही. आपण म्हणतो तीन तिघाडा काम बिघाडा. वहिनीचं सगळं कौशल्य या तिघांना एका घरात सुखानं नांदवण्याचं.

ती हे धानाच्या भाषेत समजावते. आमच्याकडे लवकर येणारं ते हलकं धान, उशिरा येणारं ते भारी. उंचावरच्या बांधीत भारी धान लावलं तर लोंब्या निसवताना पाणी सरतं. खोलगट बांधीत हलकं लावलं तर पाणी साचलेलं असतानाच पिकतं, मग कापता येत नाही. ‘धान वाईट नसते, भाऊजी. बांधीबी वाईट नसते. जोडी चुकते,’ वहिनी म्हणते. तिच्या बोलण्यात सिस्टमलाही हलकी, मध्यम आणि भारी अशीच नावं असतात. संशोधन केंद्रातून आलेलं नवं वाण तिच्या माहेरी आधी एका कोपऱ्यात लावून पाहायचे, मग बांधीभर. तीही नवीन काही आलं की आधी जुन्या लॅपटॉपवर लावून बघते. स्टुडिओतला संगणक मात्र तिनं इंटरनेटला कधी जोडलाच नव्हता. का, तर त्याचं सगळं जमलेलं होतं, आणि जमलेल्या संसारात बाहेरच्यांनी सल्ले द्यायचे नसतात.

त्या वर्षी मंडईला वहिनीची आई आली ती थोड्या दिवसांसाठी राहायलाच आली. सगुणाबाई. मी त्यांना मावशी म्हणतो. तलावावर मासे धरणारं आणि दोन बांध्या कसणारं त्यांचं घर. रोवणीच्या गाण्यांत पुढे राहणारी बाई म्हणून त्यांना आजूबाजूच्या गावांत मान होता. रोवणीला बायका रांगेनं वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावतात, एक जण ओळ उचलते आणि बाकीच्या मागून घेतात. मावशींना किती गाणी येत होती हे त्यांनाही माहीत नसावं. एका ओळीतून दुसरी निघायची. मागून घेणाऱ्या बायांना मागचं यायचं, पुढचं फक्त मावशींना.

वहिनी किती वर्षं त्यांच्या मागे लागली होती, की माय, एकदा बसून गा, मी भरून घेते. मावशी हसायच्या. ‘रोवना नाई, चिखल नाई, अन् गानं कायचं? ज्या दिवसाचं गानं त्या दिवसात,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि रोवणीच्या दिवसांत वहिनी बांधीत माइक नेणार कुठून, वरून पाणी, खालून पाणी.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला आणि सांगितलं, जीवाला धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहील याची हमी देता येत नाही. तोवर गळ्याला फार ताण द्यायचा नाही. तिकडून मावशी आमच्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा पिताना त्या वहिनीला म्हणाल्या, ‘तुह्या त्या खोलीत गाऊन देतो वो. पन एकच डाव. दुसऱ्यांदा मले सांगू नको.’ वहिनीनं चहा तसाच ठेवला आणि आत जाऊन रडली. दिवाळीच्या सुट्टीमुळे मी तेव्हा तिथं होतो, म्हणून सांगतो. एरवी तिला हे सांगितलेलं आवडणार नाही.

मंडई झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी भरायचं ठरलं. मंडईला पाहुणे आले, त्यांत आमचे जावई, माझ्या बहिणीचे यजमान, प्रमोदराव. माणूस सोन्यासारखा, पुण्यात कंपनीत नोकरी, हात सतत काहीतरी उपकार करायला शिवशिवणारे. सासुरवाडीच्या नळाला वायसर बदलून देतील, गॅसची नळी तपासतील. त्यांनी दादाकडे सहज मागितलं, ‘संगणक वापरू का? पोरींना नाचायला गाणी भरून देतो.’ वहिनी तेव्हा पंगतीत वाढत होती. दादानं खोलीची किल्ली दिली. मंडईच्या दिवशी जावयाला नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्माला यायचाय. दादानं सोबत एक पेनड्राइव्हही दिला.

संध्याकाळी प्रमोदराव हात पुसत बाहेर आले. ‘वहिनी, किती जुन्या सिस्टमवर काम करून राह्यल्या तुम्ही! मोबाइलचं नेट जोडून सगळं नवंकोरं करून दिलं. कचराबी साफ केला. आता बघा, कसा पळते.’ चेहऱ्यावर असा आनंद, की मंडईची ओवाळणी दिली जणू. वहिनीनं शिंगाड्यांचं ताट पुढे केलं. मग म्हणाली, ‘बसा ना जावईबापू, शिंगाडे खा.’ ते वाक्य बोलायला तिला किती बळ लागलं असेल ते मला पुढच्या काही दिवसांत समजलं. ज्या वाटेनं जुनी सिस्टम परत आणता आली असती ती वाट कचऱ्यात गेली होती, आणि ज्याच्यावरून ती मुळात बसवली होती तो पेनड्राइव्ह आता पोरींच्या नाचाच्या गाण्यांनी भरलेला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तरीही त्या माणसाला कुणी एक शब्द बोललं नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी खोलीत आल्या. कानांवर हेडफोन चढवला. पहिली ओळ उचलली आणि अर्ध्यातच थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. ‘कोन वेडावून राह्यलं मले?’ त्यांनी विचारलं. कुणी वेडावत नव्हतं. नव्या सिस्टमला जुनी पेटी ओळखू येत नव्हती, कशीबशी कामचलाऊ बोलणी चालली होती, त्यामुळे मावशींचा आवाज त्यांच्याच कानात जरा उशिरा पोचत होता. भरून घेतलेलं ऐकलं तर त्यात चरचर, तेलात मोहरी टाकल्यासारखी. वहिनीनं त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढला. ‘आज राहू दे माय. गळा जपून ठेव.’ बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, ‘नागपूरला कधी जाचं आहे?’ तारीख तिला पाठ होती. ती मला नव्हे, स्वतःला विचारत होती.

मी मास्तर माणूस, लगेच उपाय सुचवला. मोबाइलवर घ्या की. तिनं ते आधीच करून पाहिलं होतं. मोबाइल हुशार असतो, बोलण्याखेरीज बाकीचं गोंगाट समजून कापून टाकतो. मावशींच्या ओळीच्या शेवटी एक लांबलचक ‘होऽ’ असतो. तो हळूहळू विरत जातो, आणि तो विरेपर्यंत शेवटच्या बाईचे पऱ्हे लावून होतात. मोबाइलनं नेमका तोच कापला होता. ‘गानं आलं, रोवना नाई आला,’ वहिनी म्हणाली. तिनं ते पुसलं नाही, ठेवलं. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं, हे मलाही कळलं.

मग जे दिवस आले, ते माझ्या आठवणीत एकाच लांब दुपारीसारखे आहेत. बाहेर अंगणात धान वाळत घातलेलं, कोंबड्या हाकलायला आई काठी घेऊन बसलेली, मावशी सूप घेऊन तांदूळ निवडताहेत, आणि आत वहिनी एक सिस्टम काढते, दुसरी बसवते. सगळ्यात जुनी लावली तर बोर्डानं तोंडच फिरवलं. नवी लावली तर पेटी रुसली. दादा मळणीवरून येऊन दारात उभा राहायचा. ‘जमलं का?’ ‘नाई.’ ‘जेवली का?’ मग तो ताट तिथंच आणून ठेवायचा आणि धान पालटायला निघून जायचा.

प्रत्येक वेळी सगळं लावून झालं की कुणीतरी माइकसमोर गाऊन पाहावं लागायचं. आवाज कानात वेळेवर येतो का, चरचर गेली का, शेवटचा ‘होऽ’ पूर्ण येतो का. मावशींचा गळा तर जपायचा. म्हणून वहिनी स्वतःच उभी राहायची. गाणं आणि वहिनी यांचा त्याआधी संबंध नव्हता. ‘माह्या गळ्यात बेंडूक बसला आहे,’ असं ती स्वतःच सांगायची, आणि ही एकच गोष्ट होती जी ती स्वतःविषयी कमीपणानं बोलायची. पण मोजमाप घ्यायचं तर लाज कसली? ती मावशींचीच ओळ घ्यायची:

‘धुऱ्यावरचा बगळा गेला कोन्या गावा,
वाकल्या पाठीनं बाई पऱ्हे लावा होऽ’

एकदा, दहादा, जेवणाआधी, जेवणानंतर. आमच्या कोंबड्यांनाही ती ओळ पाठ झाली असेल. बाहेरून मावशी सुपातून नजर न काढता ओरडायच्या, ‘तिथी थांबू नको वो, ‘गावा’वरून पुढं ओढ.’ आतून वहिनी ओरडायची, ‘मी गाऊन नाई राह्यलो माय, मशीन तपासून राह्यलो.’ ‘तपास ना. पन सूर धरून तपास.’ कंटाळा आला की मावशी पुढची ओळ सांगायच्या, मग त्याच्या पुढची. त्यांना गप्प बसवत नसे, आणि वहिनीलाही एकच ओळ म्हणून वीट आलेला.

शेवटी वाट सापडली ती गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडून. तिथल्या बंगाली वस्त्यांत कीर्तनाचं रेकॉर्डिंग करणारे एक गृहस्थ, त्यांच्याकडे अशीच जुनी पेटी आहे असं कुणीतरी वहिनीला सांगितलं. तलावाच्या पाळीवर रेंज चांगली येते, तिथं उभं राहून ती त्यांच्याशी बोलली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण जुनी मैत्रीण भेटल्यासारखी ती बोलत होती, सिस्टम कुठली, ड्रायव्हर कुठला, सॉफ्टवेअर कितवं. ते म्हणाले, ‘दीदी, ये पेटी बूढ़ी गाय है. नया चारा नहीं खाएगी, सड़ा हुआ भी नहीं खाएगी.’ त्यांनी मधली सिस्टम एका डिस्कवर भरून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. आमच्याकडे लग्नपत्रिका, औषधं आणि मासे तसेच येतात, डिस्कही आली.

मध्यम धान अखेर बांधीला लागलं. पेटी बोलायला लागली, आवाज वेळेवर येऊ लागला. चरचर मात्र थोडी राहिलीच, तीही सतत नाही, अधूनमधून. इथं मला वहिनीची खरी जात दिसली. ती काहीही न बदलता नुसती ऐकत बसली. हेडफोन लावून, डोळे मिटून, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, ‘भाऊजी, गाताना नाई येत. श्वास घेतल्यावर येते.’ तिनं शोधून काढलं की संगणक वीज वाचवायला बघतो. आवाज थांबला की त्याला वाटतं काम संपलं, तो डुलकी घेतो, आणि गाणं पुन्हा सुरू झालं की दचकून उठतो. ती दचकण्याची चरचर. ‘मायचा श्वास त्याले रिकामा वाटून राह्यला,’ ती म्हणाली, आणि त्याची वीज वाचवायची सवय तिनं बंद करून टाकली. सॉफ्टवेअरही एक पायरी जुनं घेतलं. नंतर मी कान देऊन ऐकलं. मावशींच्या श्वासाच्या जागी फक्त श्वास होता.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी पुन्हा खोलीत आल्या. धान भरून झालेलं, भिंती पोत्यांनी झाकलेल्या, खोलीत नव्या धानाचा उबट वास. वहिनीनं स्टूल दिलं. मावशी बसल्या, पण सूर निघेना. उभ्या राहिल्या, तरी निघेना. मग त्यांनी पदर खोचला आणि कमरेतून वाकल्या, रोवणीला वाकतात तशा, आणि ओळ अशी आली की माझ्या अंगावर काटा आला. वहिनीनं धावत माइक गुडघ्यापर्यंत खाली आणला. पण रोवणीत बाई पऱ्हे लावत मागे मागे सरकते. मावशीही सरकायला लागल्या, हात हवेत रोपं खोचताहेत, आणि माइकपासून दूर चालल्या. हेडफोनची वायर ताणली. आता आली का पंचाईत! वहिनीनं माइकचा दांडाच उचलला आणि ती ओणवी होऊन त्यांच्यासमोर सरकू लागली. मागे पोत्यांना पाय लागले की मावशी वळायच्या, पुन्हा वाकायच्या, नवी रांग धरायच्या. माय मागे सरकतेय, लेक माइक घेऊन पुढे, मधे एवढीशी खोली. हसू येत होतं आणि डोळे भरत होते. गाणी संपली तेव्हा मावशी सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘झाला गा तुमचा रोवना.’

आता कधीकधी मोबाइल मला सांगतो की नवं व्हर्जन आलं आहे, घ्या. मी लगेच घेत नाही. माझ्याकडे जुळवण्यासारखं काही नाही, तरी बोट थांबतं. नवं वाईट नसतं हे मला वहिनीनंच शिकवलं. ती आजही नवीन आलेलं पहिल्यांदा लावून पाहणारी आहे, स्टुडिओतला दुसरा संगणक अगदी ताजा आहे, प्रमोदराव आले की त्यावर त्यांना हवं ते करू देते. पण काय बदलल्यानं काय निसटेल, हे आधी ऐकून घ्यावं, तिच्यासारखं डोळे मिटून. एवढं कान देऊन ऐकणारं माणूस आमच्या घरात आहे, याचा मला फार अभिमान आहे.

त्या रेकॉर्डिंगनंतरच्या आषाढात रोवणीला मी सुट्टी काढून गावी गेलो. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकायचं काम माझ्याकडे, कारण मास्तराला वाकता येत नाही असं बायांचं ठाम मत. मावशीही रांगेत आल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं होतं, गाठ साधी निघाली होती. पण आवाज परत आला तो दुसऱ्याच माणसाचा, खाली बसलेला, खरखरीत. वर चढायला गेला की नुसती हवा.

बाया वाकल्या आणि वाट पाहू लागल्या. पहिली ओळ मावशींची. मावशींनी श्वास घेतला, ‘धुऱ्यावरचा’पर्यंत आल्या आणि पुढे निघेना. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. मग त्यांनी ओठ मिटले आणि हात चालू ठेवले. चिखलात पऱ्हे खोचल्याचा तेवढा आवाज होता. कुणीतरी म्हणालं, ‘रेखा, तुह्या मोबाइलात आहे ना मायचं गानं? लाव ना वो.’ वहिनीनं हात धुऊन धुऱ्यावर स्पीकर लावला आणि खोलीत भरलेलं गाणं सुरू केलं. मावशींचा तो जुना, भरलेला आवाज पाण्यावरून आला, बायांनी मागून घेतला. क्षणभर वाटलं, जमलं. पण एकीची पेंढी सुटेना, दुसरीचा पाय चिखलात रुतला, रांग अडली आणि गाणं पुढे निघून गेलं. मावशी सरळ झाल्या. ‘बंद कर वो ते,’ त्या म्हणाल्या. ‘ते आमच्यासाठी थांबत नाई.’

वहिनीनं बंद केलं. आपल्या जागी येऊन ती वाकली. मूठभर पऱ्हे घेतले. आणि कुणाकडेही न बघता तिनं ओळ उचलली, ‘धुऱ्यावरचा बगळा गेला कोन्या गावा’. आवाज गोड नव्हता. पण ‘गावा’वरून तो पुढे ओढला गेला, बरोबर तिथून, आणि शेवटचा ‘होऽ’ तिनं सोडलाच नाही. रुतलेला पाय निघाला, पेंढी सुटली, शेवटच्या बाईचे पऱ्हे लावून झाले, तेव्हाच तो विरला. दुसरी ओळ आली, तिसरी आली. धुऱ्यावर दादा पेंढी हातात धरून उभाच राहिला होता. रांगेनं ओळ मागून घेतली, आणि घेणाऱ्यांत टोकाकडून एक खालचा, खरखरीत आवाज होता. जन्मभर पुढे राहिलेल्या मावशी लेकीच्या मागून गात होत्या.